माहेरचे बाळंतपण, पाचवी आणि बारसे : सीमाभागातील कुटुंबांसाठी माहिती

॥ श्री ॥

गर्भवतीची ओटी कितव्या महिन्यात भरावी, मुलगी माहेरी बाळंत झाल्यास सोयर कोणाला लागते, पाचवीला काय काय मांडावे, बाराव्या दिवशी जमले नाही तर बारसे केव्हा करावे, अशी विचारणा भाविकांकडून व सभासदांकडून आमच्याकडे वरचेवर होत असते. त्यांची उत्तरे एके ठिकाणी मिळावीत या हेतूने प्रस्तुत लेख सिद्ध केला आहे.

लेख लिहावयास घेतला तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. आपल्याकडील जन्मविषयक रीती वरवर निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांपैकी बहुतेकींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे राखण. पोटुशी स्त्रीला सांजवेळी एकटीला बाहेर पाठवावयाचे नाही, बाळंतिणीच्या खोलीतील दिवा मालवू द्यावयाचा नाही, पाचव्या रात्री घरातील बायकांनी जागावयाचे. आई व मूल या दोघांच्या जिवाला या दिवसांत धोका असतो हे पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. तो धोका नेमका कोठून येतो हे कळण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती. आज ती आहेत. म्हणून प्रत्येक रीत सांगताना त्या वेळी राखण कशाची करावयाची हेही येथे सांगितले आहे.

सीमेच्या अलीकडे व पलीकडे

पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम आपल्या भागात अद्याप पाळला जातो. पण बेळगाव-निपाणी परिसरात सासर व माहेर यांच्यामध्ये पुष्कळदा राज्याची सीमा येते. निपाणीची सून कागलची किंवा कोल्हापूरची लेक असते. संकेश्वरच्या घरात गडहिंग्लजची मुलगी आलेली असते. बेळगाव, उचगाव, हिंडलगा या बाजूची चंदगडशी सोयरीक तर फार जुनी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. जिल्हे बदलले, देणेघेणे बदलले नाही.

परिणाम असा होतो की, गर्भवतीची नोंद व पहिल्या तपासण्या कर्नाटकात होतात, सातव्या महिन्यात ती महाराष्ट्रात जाते, प्रसूती तेथील दवाखान्यात होते, आणि सव्वा किंवा तीन महिन्यांनी बाळाला घेऊन ती पुन्हा इकडे येते. काही घरी हाच प्रवास उलट दिशेने होतो. दोन्हीकडील आरोग्य कर्मचारी आपापल्या परीने तत्पर असले, तरी एकीकडची वही दुसरीकडे जात नाही. ती आपणच न्यावयाची असते.

म्हणून माहेरी पाठवणी करताना फळे, साडी व नारळ यांच्या जोडीला कागदांची पिशवी अवश्य द्यावी. तीत कर्नाटकातील तायी कार्ड (महाराष्ट्रातून येणारीचे माता-बाल संरक्षण कार्ड), रक्तगट, हिमोग्लोबिन व रक्तदाबाच्या नोंदी, सोनोग्राफीचे अहवाल, धनुर्वात-घटसर्पाच्या (टीडी) लसीची तारीख, आधार कार्ड व बँकेचे पासबुक असावे. माहेरी पोहोचल्यावर त्याच आठवड्यात तेथील आशा कार्यकर्तीला व उपकेंद्रातील परिचारिकेला भेटून नाव घालून घ्यावे. त्यांना कोणी सांगितलेच नाही, तर गावात एक गर्भवती आली आहे हे त्यांना कळणार कसे ?

शासकीय दवाखान्यातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, तेथील आहार व जाण्यायेण्याचे वाहन हे सर्व १ जून २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य आहे. हा केंद्राचा कार्यक्रम असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंस लागू आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांकही दोन्ही राज्यांत एकच आहे.

चोरचोळी, डोहाळेजेवण व ओटी

तिसऱ्या महिन्यात फारसा गाजावाजा न करता घरच्या घरी चोळी देऊन ओटी भरतात, तिला चोरचोळी किंवा चोरओटी म्हणतात. बातमी बाहेर फुटू नये म्हणून हे नाव. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते : हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा अथवा नाव किंवा धनुष्य यांची सजावट, पाच किंवा सात सुवासिनींकडून ओटी आणि गर्भवतीच्या आवडीचे जेवण. आपल्या कन्नडभाषक शेजाऱ्यांकडे याच सुमारास 'कुबस' करतात. कुबस म्हणजे चोळीच. एकाच आळीत एका घरी चोळी व दुसऱ्या घरी कुबस, आणि ओटी भरायला दोन्हीकडच्या बायका दोन्हीकडे, हे दृश्य बेळगाव-निपाणीत नवे नाही.

ओटीत तांदूळ किंवा गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम व फळ घालतात. कुळाचार घरपरत्वे निराळा असतो, व तो आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून करावा. महिना विषम असावा असा संकेत आहे. पण नवव्या महिन्याची वाट पाहात दगदग करण्यापेक्षा सातव्यात उरकणे बरे.

येथे आम्हांस एक विनंती करावयाची आहे. ओटीच्या वेळी घरातील विधवा आजी, मूल नसलेली चुलती किंवा ज्या स्त्रीचे मूल दगावले आहे अशी जाऊ, यांना मागच्या खोलीत बसविण्याची पद्धत काही घरांत अजून दिसते. ज्या आजीने चार बाळंतपणे निस्तरली तिचा हात ओटीला चालत नाही आणि बाळंतिणीला शेकायला मात्र चालतो, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. ओटी भरण्याचा अधिकार मायेने येतो असे आम्ही मानतो, व विचारणाऱ्यांस तसेच सांगतो.

डोहाळेजेवणाच्या दिवशी गर्भवतीला चार-चार तास पाटावर बसवू नये. पाय सुजणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही असल्यास समारंभ बाजूला ठेवून प्रथम दवाखाना गाठावा. दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी २०१६ पासून होते. ज्यांना एरवी जमत नाही त्यांनी निदान तो दिवस चुकवू नये.

मुलगा की मुलगी हे जन्मापूर्वी जाणून घेणे व सांगणे १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. 'सीमेपलीकडे सांगतात' अशी कुजबुज कोणी केली तरी कायदा केंद्राचा असून तो अलीकडे-पलीकडे सारखाच आहे.

मिश्रीविषयी थोडे स्पष्ट

निपाणी म्हटले की तंबाखू आलीच. वखारीत तंबाखू चाळणे, निवडणे, घरी बसून विड्या वळणे, यांवर या भागातील स्त्रियांच्या कितीतरी पिढ्यांचा संसार चालला आहे. त्या श्रमाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण तंबाखू भाजून, तिची पूड करून सकाळ-संध्याकाळ दाताला लावण्याची मिश्रीची (मशेरीची) सवय गर्भारपणातही सुटत नाही. उलट मळमळ थांबते म्हणून सासूच सुनेला चिमूटभर देते, हे आम्ही पाहिले आहे.

मुंबईत १,२१७ गर्भवतींची पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तंबाखू तोंडात वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आढळली, व दिवसही सरासरी सहा दिवस आधी भरले. त्या स्त्रियांपैकी बहुतेक मिश्री लावणाऱ्याच होत्या. १०५ ग्रॅम म्हणजे फार नव्हे असे कोणास वाटेल. पण मुळात दोन-सव्वादोन किलोच्या बाळाच्या अंगावरून शंभर ग्रॅम उतरणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. तंबाखूतील विष रक्तातून थेट गर्भापर्यंत जाते. दाताला लावली, गिळली नाही, हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही. मळमळीवर थोडेथोडे व वारंवार खाणे, कोरडी भाकरी किंवा खारी, आल्याचा तुकडा हे उपाय आहेत.

तंबाखूची कामे करणाऱ्या गर्भवतीने जमेल तितके धूळ उडणाऱ्या जागेपासून दूर बसावे, नाकातोंडावर पदर किंवा फडके बांधावे, ओल्या पानांचे काम टाळावे, कारण ओल्या पानांतील विष कातडीतूनही शिरते, आणि हात साबणाने धुतल्यावाचून जेवू नये. मूल झाल्यावर विडीचे सूप व बाळाची झोळी एका खोलीत ठेवू नये. हे सांगणे सोपे आणि एका खोलीच्या घरात पाळणे अवघड, याची आम्हांस कल्पना आहे.

प्रसूतीची घटका : बेळगावच्या मातांनी जगाला दिलेले ज्ञान

बाळ झाले, रडले, की घरात पेढ्यांची गडबड सुरू होते. परंतु आईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका त्याच घटकेला असतो. वार पडल्यानंतर गर्भाशय आवळले नाही तर रक्त वाहात राहते, आणि धडधाकट स्त्री दोन-तीन तासांत हातची जाते. जुन्या पिढीतील 'बाळंतपणात गेली' या शब्दांमागे पुष्कळदा हेच कारण असे.

या प्रश्नावर आपल्या बेळगाव जिल्ह्यात झालेले कार्य फार थोड्या भाविकांस ठाऊक असेल. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत एक चाचणी घेतली. तीत १,६२० स्त्रियांनी भाग घेतला. त्यांची बाळंतपणे मोठ्या रुग्णालयात नव्हे, तर घरी किंवा उपकेंद्रात, गावच्या परिचारिकेच्या हातून झाली. निम्म्या जणींना प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या तोंडावाटे दिल्या व निम्म्या जणींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध न मिळालेल्यांत शंभरातील १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आले. २००६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापले गेले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कारणासाठी ते औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

महत्त्व कशाचे, तर रक्तस्राव रोखणारे नेहमीचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते व टोचायला जाणता माणूस लागतो. गोळीला ना शीतपेटी लागते ना सुई. आफ्रिका व आशियातील जेथे वीज नाही अशा वस्त्यांतील मातांना जी गोळी आज मिळते, तिच्या पाठीशी आपल्या जिल्ह्यातील १,६२० लेकी-सुनांचा हातभार आहे. आपल्याकडील कोणत्याही शिलालेखापेक्षा ही गोष्ट आम्हांस कमी अभिमानाची वाटत नाही.

त्याच कामातून आणखी एक साधी वस्तू पुढे आली. रक्त किती गेले याचा अंदाज पूर्वी डोळ्यांनी, कपड्यांवरून करीत. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे कापड अंथरून बेळगावात मोजले तेव्हा आढळले की, डोळ्यांचा अंदाज प्रत्यक्षाहून सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो. अनुभवी नजरही फसते. अशाच मापाच्या कापडाचा व त्याबरोबर तत्काळ उपचारांचा वापर आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत करून पाहण्यात आला, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गंभीर रक्तस्राव व त्यापायी होणारे अनर्थ ६० टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

घरच्यांनी यातून घ्यावयाचे ते इतकेच : प्रसूती दवाखान्यातच करावी; पहिले २४ तास घरी नेण्याची घाई करू नये; बाळाभोवती सर्वजण गोळा झाले तरी एक जाणती बाई आईपाशी बसलेली असावी; आणि 'थोडे जास्तच जाते आहे' असे कोणी म्हटले तर ते डॉक्टरांच्या कानावर त्याच क्षणी घालावे. गोळ्या स्वतः आणून देऊ नयेत. वेळ चुकली तर हेच औषध घातक ठरते.

पहिला तास : चीक, मध आणि नाळ

गाय किंवा म्हैस व्याली की पहिला चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे, नाहीतर वासरू धरत नाही, हे आपल्याकडील शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. वासराचे पोट भरल्यावर उरलेल्याचा खर्वस होतो. असे असूनही कित्येक घरांत आईचा पिवळसर चीक 'घाण' किंवा 'जड' म्हणून पिळून टाकीत, व तीन दिवस बाळाला गुळाचे पाणी किंवा मध चाटवीत. गोठ्यात जे शहाणपण होते ते माजघरात आले नाही.

बाळाला जन्मानंतर पहिल्या तासातच छातीशी लावावे. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही देण्याचे कारण नाही. बाळगुटी, ग्राईप वॉटर, साखरपाणी काहीच नको. डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा थेंब याला अपवाद.

जातकर्म-संस्कारात सोन्याच्या वळ्याने मध-तूप चाटविण्यास सांगितले आहे, त्याचे काय, असे आम्हांस विचारण्यात येते. संस्कारावर श्रद्धा असलेल्यांचा मान राखून आमचे उत्तर असे की, एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. मधात क्वचित असे जंतू असतात की ते लहान बाळाच्या आतड्यात वाढून अंग लुळे पाडतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही. सोन्याचे वळे बाळाच्या हाताला लावून मंत्र म्हटला तरी आशीर्वाद पोहोचतो.

नाळेवर हळद, राख, शेण, तेल काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी, आपोआप गळून पडते. पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवावी व बाळाला आईच्या अंगाशी उबेत ठेवावे. काजळ घालावयाचेच तर तीट म्हणून तळपायाला लावावे, डोळ्यांत नको.

पाचवी व सटवी

जन्मापासून पाचव्या दिवशी सायंकाळी पाचवीचे पूजन होते. पाटा-वरवंटा स्वच्छ धुऊन मांडतात, त्यावर हळदकुंकू वाहतात, शेजारी तांदळाची रास, सुपारी, नैवेद्य, आणि कोरा कागद व लेखणी ठेवतात. उशाशी विळा किंवा कोयती असते. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाचे भाळ लिहून जाते अशी समजूत असल्याने कागद कोराच ठेवावयाचा. काही घरी पाचवी व सटवी एकाच रात्री करतात. दिवा रात्रभर तेवत ठेवतात आणि घरातील स्त्रिया जागतात.

याच रात्री का, याचे उत्तर आमच्या मते करुण आहे. पूर्वी नाळ विळ्याने, कधी गंजलेल्या पात्याने, कापीत आणि तिला शेणामातीचा स्पर्श होई. त्यातून बाळाला धनुर्वात होत असे. जन्मल्यावर दोन दिवस नीट पिणारे बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तोंड मिटून घेई, अंग ताठ करी आणि आठवड्याच्या आत जाई. ज्या रात्री मुले जात, त्याच रात्री माता-आज्या दिवा लावून, देवीला हात जोडून बसत असाव्यात, असे आम्हांस वाटते. पुढे गर्भवतींना धनुर्वाताची लस मिळू लागली, दवाखान्यात निर्जंतुक पात्याने नाळ कापली जाऊ लागली, आणि २०१५ मध्ये माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ वर्षाला हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, आणि तेही देशातील प्रत्येक जिल्ह्यात. ज्या भयापोटी पाचवी जागविली जाई, त्यातील एक मोठे भय असे ओसरले.

तथापि पहिला आठवडा आजही नाजूकच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून, त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांना पाहावे अशी व्यवस्था उभी केली. त्या गावांतील नवजात बालमृत्यू, तशी व्यवस्था नसलेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरी येतात : दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी. पाचवीचे जागरण व आशाताईंची फेरी ही आम्हांस एकाच राखणीची दोन रूपे वाटतात. 'सोयर आहे, आत येऊ नका' असे म्हणून त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये.

पाचवीच्या रात्री जागणाऱ्यांनी पाहावयाचे ते असे : बाळ दूध ओढते आहे की नाही; रडणे क्षीण झाले आहे का; श्वास मिनिटाला साठाहून जास्त चालतो का, छातीखाली खळगा पडतो का; अंग तापले किंवा गार पडले आहे का; तळहात-तळपाय पिवळे दिसतात का; बेंबीतून पू येतो का; झटका आला का. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास पूजा आवरण्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, निघावे. बाहेरची बाधा समजून अंगारा आणावयास धावणाऱ्यांना आम्ही हात जोडून सांगतो, की आधी डॉक्टर. अंगारा नंतरही मिळेल.

बाळंतिणीची खोली

डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, खसखस, बाळंतशोपा, मेथी, बाजरीची भाकरी व तूप हा आहार उत्तम आहे. पण त्यापायी डाळी, पालेभाजी, फळे, आणि खाणाऱ्यांच्या घरी अंडी-मासे बंद करू नयेत, आणि पाणी तर मुळीच तोडू नये. पाणी तोडल्याने पोट आत जात नाही, दूध मात्र कमी होते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यावयाच्या असतात. शेक अवश्य द्यावा. मात्र दारे-खिडक्या बंद करून शेगडी व धुरी पेटवू नये. बंद खोलीतला कोळशाचा धूर जिवावर बेततो.

बाळंतीण उगाच रडते, झोपत नाही, बाळाकडे पाहात नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तिला नावे ठेवू नयेत. तोही एक आजार आहे व त्यावर उपचार आहेत. ज्या घरी बाळ राहिले नाही त्या घरी तर आईला बोल लावण्याइतके क्रौर्य दुसरे नाही. तिलाही सव्वा महिन्याची विश्रांती, तोच आहार आणि तीच सोबत मिळाली पाहिजे.

सोयर व बारसे

सोयर सामान्यतः दहा दिवस पाळतात. मूल पित्याच्या कुळाचे मानले जात असल्याने माहेरी जन्म झाला तरी सोयर सासरच्या भाऊबंदांस लागते. माहेरच्या घरी किती दिवस पाळावे यात घरपरत्वे फरक आहे. अकराव्या दिवशी शुद्धी व बाराव्या दिवशी बारसे, हा साधारण क्रम. बाराव्या दिवशी आई किंवा बाळ दवाखान्यात असल्यास, अथवा सासरच्या मंडळींना येणे जमत नसल्यास, पुढील कोणत्याही सोयीच्या दिवशी बारसे करण्यास हरकत नाही.

पाळणा सजवून आधी वरवंट्याला कुंची घालून त्यात घालतात, मग बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देत घेत आत निजवितात. आत्या कानात नाव सांगते. तिला मान देणे विसरू नये, तो रुसवा वर्षानुवर्षे टिकतो. घुगऱ्या व सुंठवडा वाटतात. माहेरकडून बाळंतविडा येतो : झबली, टोपडे, कुंची, दुपटे, वाळे. कर्ज काढून सोन्याची साखळी घालण्याची जी चढाओढ अलीकडे दिसते तिला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. मुलीचे बारसे मुलाच्या बारशाइतकेच थाटाचे असावे, हेही लिहावे लागते याचा खेद वाटतो.

बाळाला देवदर्शनास सव्वा महिन्यानंतर आणावे. यात्रेच्या किंवा पौर्णिमेच्या गर्दीत आणू नये.

नवसाविषयी

मूल व्हावे म्हणून नवस बोलणे व मूल झाल्यावर पाळणा वाहणे, गूळ-खोबऱ्याची तुला करणे ही रीत सर्वत्र आहे. सौंदत्तीच्या श्री रेणुका-यल्लम्मा देवीचे भक्त या भागात घरोघरी आहेत. याच श्रद्धेच्या नावाखाली पूर्वी मुली देवाला सोडल्या जात आणि त्या लेकरांचे पुढे जे होई ते निपाणी, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्याने डोळ्यांनी पाहिले आहे. कर्नाटकात १९८२ च्या व महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने मुलगी देवाला वाहणे गुन्हा ठरविले. तसा नवस कोणी वाडवडिलांनी बोलला असेल तर तो बांधील नाही. तो फेडण्यासाठी कोणी पुजारी वा जोगती आग्रह करीत असल्यास घाबरू नये. पोलिसांत किंवा महिला व बालकल्याण खात्याकडे कळवावे.

जन्माची नोंद

१९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद जेथे जन्म झाला त्या गावी होते, राहत्या गावी नव्हे. निपाणीच्या घराण्याचे मूल कागलला जन्मले तर दाखला महाराष्ट्रातील. कोल्हापूरच्या घराण्याचे मूल बेळगावात जन्मले तर दाखला कर्नाटकातील. त्यामुळे शाळेत वा शासकीय कामात काही अडत नाही, दाखला देशभर चालतो. अडते ते निराळ्याच कारणाने. नोंद सासरचे करतील असे माहेरचे समजतात, माहेरच्यांनी केली असेल असे सासरचे, आणि वर्ष उलटते. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. दवाखान्यातील जन्माची खबर दवाखाना देतो, पण माहिती बरोबर लिहिली गेली का हे सुटी मिळण्यापूर्वी वाचून पाहणे आपले काम. वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आधार जन्मदाखलाच आहे.

बारसे झाले नसेल तर नावाविना नोंद करता येते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालून मिळते. मात्र नाव सांगताना इंग्रजी अक्षरे कागदावर लिहून द्यावीत. 'ज्ञानेश्वर' या नावातील पहिल्या अक्षराचा उच्चार आपण 'द्न्य' करतो, कन्नडमध्ये तो 'ग्न्य' होतो, आणि लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे इंग्रजी अक्षरे बदलतात. आईचे नाव तर हटकून चुकते : माहेरचे आधार कार्ड, सासरचे तायी कार्ड, आणि दाखल्यावर तिसरेच काहीतरी. तिच्या आधार कार्डावर जे नाव आहे तेच, त्याच अक्षरांत, सर्वत्र द्यावे. लग्नानंतर नाव बदलावयाचे असल्यास ते गर्भारपणातच उरकावे. गावाच्या नावातही 'बेळगाव' व 'बेळगावी' असा भेद १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री आहे. जुन्या कागदांवर जुने नाव असल्यास ते बदलून आणण्याची गरज नाही.

दाखल्याच्या तीन-चार प्रती एकाच वेळी घ्याव्यात. लसीकरणाचे कार्डही मूळ प्रतीच सासरी आणावे व पुढील लशीची तारीख इकडच्या उपकेंद्रात येताक्षणी कळवावी, कारण दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लशी नेमक्या या ये-जा करण्याच्या दिवसांतच येतात.